नववा ग्रह शोधायचाय? टेलिस्कोप राहू द्या, आधी लॅपटॉप उघडा

नेपच्यूनच्या पलीकडे एखादा मोठा ग्रह लपलाय का, यावरचे व्हिडिओ बघून लोक हमखास विचारतात की "मग टेलिस्कोप कुठला घेऊ?" कुठलाच नको, निदान आत्ता तरी. हा ग्रह असलाच तर साधारण २२ व्या प्रतीचा असेल असा अंदाज आहे (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितकं फिकट), म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा सुमारे पंचवीस लाख पट फिकट, त्यामुळे गच्चीवरच्या सहा इंची दुर्बिणीतून तो दिसायचा प्रश्नच येत नाही. पण वाईट वाटून घेऊ नका, कारण मोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो फुकट उघडे पडलेत आणि माझं तर ठाम मत आहे की हा ग्रह असेलच तर तो कुठल्यातरी फोटोत आधीच येऊन बसलाय, फक्त ठिपका म्हणून कुणी ओळखलेला नाही.

हे मी हवेत बोलत नाहीये, आत्तापर्यंत तसंच होत आलंय. नेपच्यून १८४६ साली सापडला पण गॅलिलिओने तो १६१२-१३ मध्येच बघून तारा म्हणून नोंदवला होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लालांदने १७९५ च्या मे महिन्यात दोन वेगवेगळ्या रात्री त्याच्या जागा टिपल्या, दोन्ही जुळेनात, तर पहिलं निरीक्षणच चुकलं असेल म्हणून बाजूला टाकलं. तो फरक म्हणजेच ग्रहाची हालचाल होती हो! प्लूटो १९३० मध्ये सापडला आणि नंतर जुन्या फोटोंच्या काचेच्या प्लेटा तपासल्या तेव्हा त्याच लॉवेल वेधशाळेच्या १९१५ च्या प्लेटांवर तो निघाला. एरिस या नेपच्यूनपलीकडच्या पिंडाचे फोटो ऑक्टोबर २००३ चे, ओळख पटली जानेवारी २००५ मध्ये. आणि आता २०२५ मध्ये जाहीर झालेलं २०१७ ओएफ२०१ हे असंच लांबचं पिंड तर चक्क आर्काइव्हमधल्या जुन्या फोटोंतून काढलंय, सात वर्षांत पसरलेले १९ फोटो, कुणी वेगळ्याच कामासाठी काढलेले.

तर आता पायऱ्या. क्रमाने करा, मधली उडी मारू नका, विशेषतः तिसरी.

पायरी १: नेमकं काय शोधताय ते समजून घ्या

"प्लॅनेट नाइन" ही कल्पना जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या बॅटिगिन आणि ब्राऊन यांनी मांडली (हा ब्राऊन म्हणजे एरिस शोधणारा माइक ब्राऊन, ज्याच्यामुळे पुढे प्लूटोची ग्रहपदावरून हकालपट्टी झाली). त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सेडनासारखी जी फार लांबची पिंडं आहेत त्यांच्या लांबुळक्या कक्षा एकाच बाजूला झुकल्यासारख्या दिसतात, आणि हे योगायोगाने व्हायची शक्यता कमी, म्हणून कुणीतरी जड ग्रह त्यांना ओढून ठेवतोय. सेडना सूर्याच्या जवळात जवळ येते तेव्हासुद्धा ७६ एयूवर असते, एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर, नेपच्यून ३० वर आहे, आता विचार करा. पहिल्या अंदाजात हा ग्रह पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा आणि सरासरी ७०० एयूवर होता, २०२१ च्या सुधारित हिशोबात सहापटीच्या आसपास आणि ३८० एयू, २०२४ मध्ये पुन्हा ५०० च्या आसपास. आकडे हलतात, त्याला इलाज नाही.

दुसरी बाजूही ऐका नाहीतर उगाच भक्त व्हाल. बरेच अभ्यासक म्हणतात की कक्षा एकाच बाजूला दिसतात कारण आपण आकाशाच्या ठराविक भागातच, ठराविक महिन्यांत शोध घेतलाय, जिथे बघितलं तिथेच सापडलं. २०२५ मध्ये जपानच्या सुबारू दुर्बिणीच्या टीमने २०२३ केक्यू१४ हे पिंड जाहीर केलं, टोपणनाव अ‍ॅमोनाइट, त्याची कक्षा बाकीच्यांच्या विरुद्ध बाजूला आहे. आणि पॅनस्टार्सचा (हवाईतल्या, सगळं आकाश टिपणाऱ्या दुर्बिणी) डेटा चाळून ब्राऊन आणि मंडळींनी २०२४ मध्येच सांगितलं की ग्रह असायच्या शक्यतांपैकी सुमारे ७८ टक्के शक्यता आता बाद. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ग्रह असेल-नसेल निम्मे निम्मे, पण शोधाच्या वाटेवर इतकी इतर पिंडं सापडतायत की मेहनत वाया जायची नाही.

शनि-गुरूएवढा राक्षस मात्र नाही, ते जवळपास पक्कं आहे. वाईज या इन्फ्रारेड उपग्रहाचा डेटा तपासून लुमन या खगोलशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये सांगितलं की शनीएवढं काही १०,००० एयूपर्यंत आणि गुरूएवढं २६,००० एयूपर्यंत नाही. त्यामुळे "निबिरू नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळायला येतोय" वाले मेसेज सरळ डिलीट करा.

इथे आपल्या केतकरांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्यंकटेश बापूजी केतकर, केतकी पंचांगवाले, ज्योतिर्गणितकार. त्यांनी १९११ साली फ्रेंच खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत छापलं होतं, नावं ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर साधारण ३९ एयू आणि फेरा सुमारे २४२ वर्षांचा. प्लूटोचं खरं अंतर साडेएकोणचाळीस आणि फेरा २४८ वर्षांचा! वाचून अंगावर काटा येतो, आणि मग लगेच "आपल्या माणसाने प्लूटो आधीच शोधला होता" अशी फॉरवर्डं सुरू होतात. थांबा जरा. केतकरांनी गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमधल्या गणिती नात्यासारखं नातं ग्रहांना लावून बघितलं होतं, बुद्धिमत्ता अफाटच, पण प्लूटोचं वस्तुमान पृथ्वीच्या अर्धा टक्कासुद्धा नाही, त्याच्या ओढीवरून कुणालाच तो सापडला नसता. तिकडे ती वेधशाळा उभारणाऱ्या लॉवेलचंही तेच झालं, त्याच्या "प्लॅनेट एक्स"च्या भाकिताजवळ प्लूटो सापडला तो योगायोगाने, आणि युरेनसच्या कक्षेतल्या ज्या तथाकथित गडबडीवर ते गणित उभं होतं ती गडबड व्हॉयेजर २ ने १९८९ मध्ये नेपच्यूनचं वस्तुमान नीट मोजल्यावर गायबच झाली. भाकीत जुळलं म्हणून शोध लागला असं होत नाही, ठिपका हलताना दाखवावा लागतो.

पायरी २: ठिपका किती हलायला हवा याचा हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण सगळा खेळ इथेच आहे. चालत्या एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं भराभर मागे पळतात आणि लांबचा डोंगर हलल्यासारखाच वाटत नाही, तसं पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे लघुग्रह ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर वेगात सरकताना दिसतात आणि लांबचे मुंगीच्या पावलाने. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना अंदाजे सूत्र असं: १४८ ला एयूमधल्या अंतराने भागा, उत्तर येतं ते ताशी किती आर्कसेकंद सरकेल ते (एका अंशाचे ६० आर्कमिनिट, एका आर्कमिनिटाचे ६० आर्कसेकंद). ४० एयूवरच्या पिंडासाठी ३.७. ५०० एयूसाठी फक्त ०.३, म्हणजे अख्ख्या दिवसाला सातेक आर्कसेकंद. एका रात्रीत काढलेल्या चार फोटोंत हा ग्रह ताऱ्यासारखाच गप्प बसलेला दिसणार, म्हणूनच लघुग्रह शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जाळ्यातून तो निसटतो.

आता वर्षभराचा विचार करा. ५०० एयूवरचं पिंड पृथ्वीच्या फिरण्यामुळे मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना जवळपास ७-७ आर्कमिनिट झोके घेतं, एकूण १४, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याला थोडं कमी. त्याची स्वतःची चाल वर्षाला फक्त दोनेक आर्कमिनिट. झोका मोठा आणि चाल छोटी, ही खूण लक्षात ठेवा, ताऱ्याला असा झोका कधीच येत नाही.

फिकटपणाचंही एक सांगून टाकतो. सूर्याचा प्रकाश तिथपर्यंत जाताना अंतराच्या वर्गात कमी होतो आणि परत येताना पुन्हा वर्गात, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की ग्रह सोळापट फिकट. म्हणून ग्रह कक्षेच्या लांबच्या टोकाला असेल तर शोधणं महाकठीण, आणि अंदाजानुसार ते टोक रोहिणी-मृगाच्या दिशेला पडतं, जिथून आकाशगंगेचा पट्टाही जातो आणि ताऱ्यांची नुसती खिचडी असते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

पायरी ३: डोळ्याला सवय

लगेच नवव्या ग्रहाकडे धावू नका, आधी सातवा हलताना बघा. युरेनस सध्या वृषभ तारकासमूहात आहे, प्रत ५.६ च्या आसपास, साध्या १०×५० बायनॉक्युलरमधून दिसतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाऊस गेल्यावर, शहराबाहेर कुठेतरी जा, स्टेलेरियम अ‍ॅपमध्ये जागा बघा, आणि त्याच्या आजूबाजूचे पाच-सहा तारे कागदावर काढा. तीन-चार रात्रींनी तेच पुन्हा काढा, आधीचा कागद न बघता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. एक ठिपका सरकलेला असेल. त्या दिवसांत तो रोज दोनेक आर्कमिनिट सरकतो, आठवड्यात फरक ठसठशीत होतो. नेपच्यूनसुद्धा १८४६ मध्ये असाच पकडला गेला, बर्लिनमध्ये गाले दुर्बिणीतून दिसणारे तारे मोठ्याने सांगतोय आणि दारे नवीन छापलेल्या नकाशावर एकेक ताडून बघतोय, एक तारा नकाशावर निघालाच नाही आणि संपलं. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने हिशोबाने सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत.

ज्यांच्याकडे कॅमेरा लावलेला टेलिस्कोप किंवा हल्लीचा स्मार्ट टेलिस्कोप आहे त्यांनी प्लूटोचे फोटो घ्यायला हरकत नाही, प्रत साडेचौदाच्या आसपास. फक्त आपल्याकडे एक गोची आहे, प्लूटो सगळ्यात चांगल्या जागी असतो जुलैच्या शेवटी आणि तेव्हा महाराष्ट्रात आकाश कुठे दिसतंय. ऑक्टोबरच्या मध्यावर ट्राय कराल तर त्याची आपल्याला दिसणारी चाल उलट दिशेला वळण घेत असल्यामुळे तो जवळपास जागीच थांबलेला असतो, दोन फोटोंत फरकच दिसणार नाही आणि तुम्ही सेटिंगला शिव्या घालत बसाल. नोव्हेंबर धरा, संध्याकाळी लगेच, मकर तारकासमूहाच्या भागात, पश्चिमेला झुकायच्या आत.

सोबत माणसं लागत असतील तर पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईकडे खगोल मंडळ, दोघांचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम चालू असतात.

पायरी ४: वाइजव्ह्यू उघडा

वाइजव्ह्यू हे ब्राउझरमध्ये चालणारं फुकट टूल आहे, वाईज उपग्रहाने वर्षानुवर्षं काढलेल्या इन्फ्रारेड फोटोंचं अ‍ॅनिमेशन करून दाखवतं. हे बनवणारा डॅन कॅसेल्डन स्वतः हौशी म्हणूनच यात आला. उपग्रह डिसेंबर २००९ मध्ये गेला, मधली काही वर्षं झोपवला होता, मग २०२४ पर्यंत चालला, दर सहा महिन्यांनी आकाशाचा तोच तुकडा पुन्हा.

पहिला व्यायाम: जागेच्या रकान्यात १३३.७९५ आणि -७.२४५ टाका (आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत). हा वाईज ०८५५-०७१४, नावातच पत्ता आहे बघा, विषुवांश ८ तास ५५ मिनिटं आणि क्रांती उणे ७ अंश १४ मिनिटं (आकाशातले रेखांश-अक्षांशच म्हणा). तासांचे अंश करायला पंधराने गुणायचं, हे हाताने एकदा करून बघा कारण नवशिक्यांच्या निम्म्या भानगडी इथेच होतात. अ‍ॅनिमेशन सुरू झालं की बाकी सगळे तारे जागच्या जागी थरथरत असतात आणि मधून एक नारिंगी ठिपका सरळ रेषेत सरकत जातो, वर्षाला आठ आर्कसेकंद. तो ग्रह नाही, तो सव्वासात-साडेसात प्रकाशवर्षांवरचा तपकिरी बटू आहे, म्हणजे तारा व्हायला वस्तुमान कमी पडलेला गोळा, पाणी गोठेल की नाही अशा तापमानाचा, कुठल्याच ताऱ्याभोवती न फिरणारा. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं, दहा मिनिटं नुसतं बघत बसा, झूम बदला, स्पीड बदला, काळं-पांढरं उलटं करा. डोळ्याला एकदा हे बसलं की पुढचं सोपं.

पायरी ५: बॅकयार्ड वर्ल्ड्स

झूनिव्हर्स या साइटवर "बॅकयार्ड वर्ल्ड्स: प्लॅनेट ९" नावाचा प्रोजेक्ट फेब्रुवारी २०१७ पासून आहे, नासाच्या मार्क कुशनर आणि मंडळींचा. अकाउंट फुकट, डिग्री कुणी विचारत नाही. ट्यूटोरियल वगळू नका. आकाशाच्या छोट्या तुकड्याचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो फ्लिपबुकसारखे फिरतात, आणि फोटोंची वजाबाकी केलेली असते म्हणून न हलणारे तारे बरेचसे पुसले जातात. तुम्ही दोन गोष्टी शोधायच्या. एक डायपोल, म्हणजे अर्धा काळा अर्धा पांढरा जोडठिपका, हळू हलणारा जवळचा तारा किंवा तपकिरी बटू. दुसरा मूव्हर, जो एका फ्रेममध्ये इथे आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे उगवतो. ग्रह मिळालाच तर मूव्हर म्हणून मिळेल.

९९ टक्के वेळ मात्र कचराच दिसणार, हे आधीच मनाला सांगून ठेवा. तेजस्वी ताऱ्यांभोवतीचे काटे फ्रेमगणिक फिरतात आणि हललेत असं वाटतं. काचेतल्या परावर्तनाची भुतं असतात, मोठी गोल वलयं. डिटेक्टरवर आधीच्या तेजस्वी ताऱ्याची राहिलेली सावली असते. कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून आलेला वेगवान कण, एकाच फ्रेममध्ये लख्खकन येऊन जातो. नियम सोपा, एकाच फ्रेममध्ये दिसलं तर सोडून द्या, निदान तीन वेळांना पटेल अशा वाटेवर दिसलं तरच पुढे. एका बैठकीत तासाभराच्या वर करू नका, त्यानंतर डोळे काहीही दाखवायला लागतात. कधी डेटा संपला म्हणून प्रोजेक्ट थांबलेला दिसला तर त्याच घरातला "कूल नेबर्स" बघा. लोकांनी यातून ताशी सुमारे १६ लाख किलोमीटर वेगाने पळणारं एक पिंड शोधलंय, आणि खूप तपकिरी बटू, शोधणाऱ्यांची नावं पेपरमध्ये सहलेखक म्हणून आलीयेत.

पायरी ६: ओरडण्याआधी तपासा

समजा काहीतरी खरंच हललं. घरच्यांना उठवू नका अजून.

आधी सिम्बाड या ताऱ्यांच्या ऑनलाइन यादीत जागा टाका, माहीत असलेला तारा किंवा बटू निघतो का बघा. मग सूर्यमालेतला ज्ञात लघुग्रह आहे का ते मायनर प्लॅनेट सेंटरच्या (जगभरातल्या लघुग्रहांची नोंद ठेवणारी संस्था) एमपीचेकरमध्ये, किंवा फ्रेंचांच्या स्कायबॉटमध्ये. एमपीचेकर तारीख-वेळ विचारतो ती यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत असते, आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपल्याकडे रात्री बाराला १० तारीख लागते तेव्हा तिथे ९ तारखेचे साडेसहा, संध्याकाळचे. तारीखच बदलते, आणि लघुग्रह मग भलतीकडे दिसतो. फिकटपणाची मर्यादा जिथे विचारतात तिथे २४ वगैरे टाका नाहीतर फिकट लघुग्रह यादीत येतच नाहीत आणि तुम्हाला वाटतं नवीन सापडलं. दुर्बिणीचा कोडही लागतो, पॅनस्टार्सचा एफ५१, चिलीतल्या डार्क एनर्जी कॅमेऱ्याचा डब्ल्यू८४.

एक सापळा फार कमी जण सांगतात. मंगळ-गुरूमधला साधा लघुग्रहसुद्धा वळण घेताना काही दिवस जवळपास थांबतो, तेव्हा तो अगदी लांबच्या पिंडासारखा हळू दिसतो. म्हणून वेगावरून अंतर काढताना फोटो सूर्याच्या विरुद्ध दिशेजवळचा आहे ना ते बघा, नसेल तर त्या हिशोबाला काडीची किंमत नाही.

मोठमोठ्यांचंही अडतं ते तिसऱ्या जागेवर. २०२५ मध्ये तैवानच्या टीमने आयरास (१९८३) आणि अकारी (२००६) या उपग्रहांच्या डेटात २३ वर्षांच्या अंतराने हललेला एक उमेदवार दाखवला, बातम्या झाल्या, पण दोन बिंदूंतून कक्षा ठरत नाही, आणि ब्राऊनने हिशोब करून सांगितलं की ते खरं असेल तर ती प्लॅनेट नाइनची कक्षाच नव्हे, उलट दोघे एकत्र राहूच शकत नाहीत.

पायरी ७: मोजमाप शिका

हे शिकायचा सोपा रस्ता म्हणजे आयएएससीच्या (इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन) लघुग्रह शोध मोहिमा. अमेरिकेतून चालतात, भाग घेणं फुकट, टीम करून नाव द्यायचं, भारतातल्या कितीतरी शाळा-कॉलेजं करतात. ते पॅनस्टार्सचे चार-चार फोटोंचे सेट पाठवतात, तुम्ही अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये ब्लिंक करून, म्हणजे फोटो आलटून पालटून दाखवून, हलणारे ठिपके मोजायचे आणि ठरलेल्या फॉरमॅटमध्ये रिपोर्ट द्यायचा. यात नववा ग्रह मिळणार नाही, कारण वर सांगितलं तसं एका रात्रीत तो हलतच नाही, पण ठिपक्याचं केंद्र कसं धरायचं, ताऱ्यात मिसळलेला ठिपका कसा सोडायचा हे हाताला बसतं. आणि प्लीज, प्राथमिक नोंद झाली की पेपरात "विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला" असं छापून आणू नका, पक्का क्रमांक मिळायला वर्षं जातात.

पायरी ८: आर्काइव्हमध्ये खोदकाम

इथपर्यंत टिकलात तर थोडं पायथन शिका. डार्क एनर्जी कॅमेऱ्याचे फोटो नॉयरलॅबच्या आर्काइव्हमध्ये आहेत, पॅनस्टार्सचे मास्ट या दुसऱ्या आर्काइव्हवर, आणि नुसतं चाळायचं असेल तर लेगसी सर्व्हेचा स्काय व्ह्यूअर नकाशासारखा ब्राउझरमध्ये चालतो. कॅनडाच्या सीएडीसी या खगोल डेटा केंद्राचं एक टूल आहे, पिंडाची कक्षा दिली की ते कुठल्या कुठल्या जुन्या फोटोंत आलं असेल त्याची यादी देतं. त्यावर सराव करा, सेडना द्या, एरिस द्या, फोटो उतरवा आणि ठिपका स्वतः शोधा. बर्नार्डिनेली नावाच्या पीएचडी करणाऱ्या पोराने याच कॅमेऱ्याच्या २०१४ पासूनच्या फोटोंतून एक अवाढव्य धूमकेतू काढला, जाहीर झाला २०२१ मध्ये. ती डार्क एनर्जीसाठी, म्हणजे लांबच्या दीर्घिकांसाठी काढलेली चित्रं होती!

आता चिलीतल्या सेरो पाचोनवरची रूबिन वेधशाळा आलीये, ८.४ मीटरचा आरसा, ३२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, दहा वर्षं दक्षिणेकडचं आकाश पुन्हा पुन्हा टिपणार. जून २०२५ मध्ये पहिली चित्रं आली तेव्हा दहाएक तासांच्या निरीक्षणांतून २१०४ नवे लघुग्रह निघाले. तिचं सॉफ्टवेअर बरंच काही आपोआप पकडेल, मग आपलं काय काम असं वाटेल, पण गर्दीच्या आकाशगंगेच्या पट्ट्यात वजाबाकी फसते आणि तिथे माणसाचा डोळा अजून लागतो, शिवाय तिने नवं पिंड पकडलं की जुन्या फोटोंत ते शोधून कक्षा पक्की करायचं काम ढीगभर पडणार आहे.

आणि खरोखरच असा ठिपका मिळाला की जो तीन वेगळ्या वर्षांत आहे, झोका बरोबर घेतोय, कुठल्याच यादीत नाही, तर सगळे फाइल नंबर, यूटी वेळा आणि मोजलेल्या जागा एका शीटमध्ये लिहा, स्क्रीनशॉटवर भागवू नका, बॅकयार्ड वर्ल्ड्समधला असेल तर त्यांच्याच फॉर्मवर पाठवा, आर्काइव्हमधला असेल तर आधी फाइंड-ऑर्ब या सॉफ्टवेअरमध्ये कक्षा बसवून बघा, उरलेली तफावत एका आर्कसेकंदाच्या आत आली तर मायनर प्लॅनेट सेंटरकडे त्या दुर्बिणीच्या कोडने रिपोर्ट करा. तफावत जास्त येत असेल तर तीनपैकी एक ठिपका बहुतेक दुसऱ्याच कुणाचातरी आहे, तो काढा आणि परत शोधायला बसा.